नळी दर महिन्याला विकत कोण घेणार? : वाचकांचे प्रश्न

माता-बालआरोग्यातल्या नव्या उपायांना पैसा कुठून येतो, तो कुठे अडतो आणि संपल्यावर काय होते, याविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलींनी नवजात बाळांच्या श्वासाला आधार देणारे स्वस्त यंत्र तयार केले आहे. आफ्रिकेतल्या एका यंत्रावरून ही कल्पना सुचली. त्या यंत्राला पैसा कसा उभा राहिला? आम्ही अर्ज कुठे करावा? (प्राध्यापिका, सांगली)

तुमच्या मुलींनी पाहिलेले यंत्र बहुधा ‘पुमानी’ असावे. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचे विद्यार्थी आणि मलावीतल्या ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलचे डॉक्टर यांनी मिळून ते घडवले. पहिल्या नमुन्यात मत्स्यपेटीला हवा पुरवणारे साधे पंप बसवले होते. हवा आणि प्राणवायू यांचे मिश्रण बाळाच्या नाकपुड्यांत बसवलेल्या दोन छोट्या नळ्यांतून आत जाते. बाहेर पडणाऱ्या नळीचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेले असते. ते सहा सेंटिमीटर खोल असेल तर फुप्फुसावर तेवढ्याच पाण्याच्या उंचीचा दाब राहतो आणि फुप्फुसातले फुगे मिटत नाहीत. बाटलीत बुडबुडे येणे थांबले तर कुठेतरी गळती आहे, नळी दुमडली आहे किंवा नाकातली नळी लहान पडते आहे, असे समजायचे. नाकातली नळी मोठी असेल तर दोन नाकपुड्यांमधला पडदा सोलवटतो. म्हणून एका यंत्रामागे वेगवेगळ्या मापांच्या नळ्या हाताशी लागतात.

२०११ मध्ये यूएसएड (अमेरिकी सरकारची परदेशी मदत देणारी संस्था), नॉर्वे सरकार, गेट्स फाउंडेशन, ग्रँड चॅलेंजेस कॅनडा आणि जागतिक बँक यांनी ‘सेव्हिंग लाइव्हज ॲट बर्थ’ हा उपक्रम सुरू केला. त्यात नव्या कल्पनेला अडीच लाख डॉलरपर्यंत आणि सिद्ध झालेल्या उपायाच्या विस्ताराला वीस लाख डॉलरपर्यंत अनुदान होते. मलावीतल्या सरकारी रुग्णालयांत पुमानी पसरले ते या विस्तार-अनुदानाच्या बळावर. त्याआधी ब्लँटायरला एक छोटा अभ्यास झाला होता. श्वासाचा तीव्र त्रास असलेल्या नवजात बाळांपैकी या यंत्रावरची ७१ टक्के वाचली, नुसत्या प्राणवायूवरची ४४ टक्के. बाळे एकूण ८७ होती आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून या आकड्याकडे जपून पाहा.

मलावीतलाच दुसरा अभ्यास तुमच्या मुलींनी जरूर वाचावा. सलीमा जिल्हा रुग्णालयात एक महिना ते पाच वर्षे वयाच्या, तीव्र न्यूमोनिया आणि त्यासोबत कुपोषण, एचआयव्ही किंवा प्राणवायूची कमतरता अशा धोक्याच्या खुणा असलेल्या ६४४ मुलांवर याच पद्धतीची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. बुडबुड्यांच्या यंत्रावर १७ टक्के मुले दगावली, साध्या प्राणवायूवर ११ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. वॉर्डात रोजच्या देखरेखीला डॉक्टर नव्हते. वयोगट वेगळा, आजार वेगळा, मनुष्यबळ वेगळे, त्यामुळे निकालही उलटा. ‘यंत्र चालते’ एवढे वाक्य अर्जात पुरत नाही. कोणत्या बाळाला, कोणाच्या देखरेखीत, हे त्याच वाक्यात यायला हवे. २०१९ मध्ये मलावी, केनिया, टांझानिया आणि नायजेरियात सुरू झालेल्या ‘नेस्ट ३६०’ या नवजात-सेवा कार्यक्रमाची मांडणीही याच विचाराची आहे. तिथे यंत्रांच्या संचाबरोबर परिचारिकांचे आणि दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांचे प्रशिक्षण आणि वॉर्डाच्या नोंदी, या सगळ्यांसाठी एकत्र पैसा लावला आहे.

आता तुमचा अर्ज. सुरुवातीला केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या ‘बायरॅक’चे ‘बिग’ (बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट) अनुदान योग्य आहे. त्यात ५० लाख रुपयांपर्यंत रक्कम आणि १८ महिन्यांची मुदत मिळते. या १८ महिन्यांत बाळांवर चाचणी करून दाखवू, असे लिहू नका. चाचणीपुरती यंत्रे बनवण्याचा परवाना (अर्ज एमडी-१२, परवाना एमडी-१३), नीतिमत्ता समितीची मंजुरी, मग रुग्णांवरील तपासणीची परवानगी (अर्ज एमडी-२२, परवानगी एमडी-२३) या वाटेत बराच काळ जातो. पहिल्या अनुदानात प्रयोगशाळेतली कामगिरी, आयईसी ६०६०१ प्रमाणे विद्युत सुरक्षेची चाचणी आणि आयएसओ १३४८५ (वैद्यकीय उपकरणांच्या उत्पादनातले गुणवत्ता मानक) याची तयारी एवढे पुरे करा. यंत्र सलग चालवून पाहा, वीज गेल्यावर दाब किती वेळात उतरतो ते मोजा, प्राणवायूचे मिश्रण खरोखर बदलते का ते तपासा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला शुद्ध प्राणवायू सतत दिला तर डोळ्याच्या पडद्याला इजा होते, म्हणून मिश्रणाची सोय सुरुवातीपासूनच लागते.

अंदाजपत्रकात बहुतेक जण एक ओळ विसरतात : नाकातल्या नळ्या, त्या जागेवर धरून ठेवणाऱ्या टोप्या आणि गाळण्या यांचा वर्षाचा खर्च, आणि अनुदान संपल्यावर तो कोण उचलणार त्याचे नाव. गाडीच्या सुट्या भागांपासून बनवलेल्या ‘निओनर्चर’ या इनक्युबेटरचे २०१० मध्ये जगभर कौतुक झाले, पण ते कारखान्यात बनलेच नाही. बनवणारा, विकत घेणारा आणि वापरणारा या तिघांशी आधी बोलणे झाले नाही की असे होते.

प्रश्न : आमच्या उपजिल्हा रुग्णालयात एका प्रकल्पातून रक्तस्राव मोजायच्या प्लास्टिकच्या पिशव्या मिळाल्या होत्या. फार उपयोग झाला. प्रकल्प संपला आणि पिशव्याही संपल्या. त्या परत कशा मिळतील? (अधिपरिचारिका, चंदगड)

सिस्टर, या पिशवीची मुळे तुमच्या शेजारीच आहेत. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर खुणा असलेली अशी पिशवी विकसित केली. ती बेळगाव जिल्ह्यातल्या १,६२० बाळंतिणींच्या अभ्यासात वापरली गेली. तिथल्या एएनएमनी (गावपातळीवरच्या परिचारिकांनी) बाळंतपणानंतर मिसोप्रोस्टॉल या गर्भाशय आकुंचित करून रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाच्या ६०० मायक्रोग्रॅम गोळ्या तोंडाने दिल्या, तेव्हा अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढे गेट्स फाउंडेशनच्या पैशातून बर्मिंगहॅम विद्यापीठाने केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत ‘ई-मोटिव्ह’ चाचणी केली. दोन लाखांहून अधिक बाळंतपणे तिच्यात होती. २०२३ चा निकाल असा : पिशवी आणि तिच्या जोडीला ठरलेले उपचार एकदम सुरू केले, तेव्हा तीव्र रक्तस्राव व त्यातून होणारी शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. नुसत्या नजरेच्या अंदाजाने निम्मे रक्तस्राव ओळखले जात होते. पिशवीमुळे ९३ टक्के ओळखले गेले.

पिशवी पुन्हा मिळवायची तर ती देणगीच्या यादीतून काढून मागणीपत्रात बसवावी लागेल. हिशेब सोपा आहे. महिन्याला १२० नैसर्गिक बाळंतपणे म्हणजे वर्षाला १,४४०. फाटणे-वाया जाणे १० टक्के धरून १,५८४. एक पिशवी १०० रुपयांना पडेल असे मानले तर १ लाख ५८ हजार ४०० रुपये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला औषधे आणि साहित्य मोफत देण्याची तरतूद आहे. वैद्यकीय अधीक्षकांनी या आकड्यासह पिशवीचे पूर्ण वर्णन (खुणा किती मिलिलिटरच्या, कमरेला बांधायच्या पट्ट्या आहेत का) लिहून जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात मागणी टाकावी. मंजुरीपर्यंतच्या महिन्यांसाठी रुग्ण कल्याण समितीकडे थोडी रक्कम मागता येईल. नुसते ‘डिलिव्हरी शीट’ लिहिले तर साधी शीट येईल.

मागणीसोबत तुमच्या वॉर्डाची नोंद जोडा. प्रकल्प चालू असताना पिशवीतून किती रक्तस्राव ५०० मिलिलिटरच्या आत ओळखले गेले आणि किती रुग्ण मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागले नाहीत, हे दोन आकडे कोणत्याही पत्रापेक्षा जास्त काम करतात. पिशवी बाळ बाहेर आल्यावर आणि गर्भजल वाहून गेल्यावरच लावली होती ना, हेही नोंदीत असू द्या. आधी लावली तर गर्भजल मिसळून आकडा फुगतो, मग हिशेब तपासणारा पहिली शंका तिथेच काढतो.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो. राजस्थानात बाळंतपणाच्या सेवेसाठी ‘बाँड’ काढल्याचे वाचले. हा कसला बाँड? व्याज कोण देते? (पुणे)

नाव बाँड असले तरी तो बाजारात विकला जात नाही. हा करार असतो. ‘उत्कृष्ट’ या नावाचा राजस्थानचा करार २०१७ च्या अखेरीस जाहीर झाला. माता-नवजात आरोग्यातला हा जगातला पहिला विकास-परिणाम बाँड मानला जातो. स्वित्झर्लंडच्या यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने आधी पैसे घातले. पॅलेडियम या सल्लागार कंपनीच्या व्यवस्थापनाखाली पीएसआय ही आंतरराष्ट्रीय संस्था आणि हिंदुस्थान लेटेक्स फॅमिली प्लॅनिंग प्रमोशन ट्रस्ट यांनी छोट्या खासगी रुग्णालयांना एनएबीएच (रुग्णालयांना दर्जाचे प्रमाणपत्र देणारे राष्ट्रीय मंडळ) याच्या प्रवेश-पातळीच्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाच्या ‘मान्यता’ या दर्जापर्यंत आणायचे होते. काम करणाऱ्यांनाही भांडवलाचा पाचवा हिस्सा स्वतः घालावा लागला. त्रयस्थ संस्थेने तपासणी करून रुग्णालय निकषांवर उतरले असे सांगितले की यूएसएड आणि एमएसडी फॉर मदर्स (एका औषध कंपनीचा मातृआरोग्य उपक्रम) पैसे चुकते करणार, कमाल ८० लाख डॉलरपर्यंत. निकष गाठले नाहीत तर गुंतवणूकदाराचे नुकसान, गाठले तर मुद्दल आणि परतावा.

तुमच्या बँकेतल्या अनुभवावरून पुढचा प्रश्न तुम्हाला पडलाच असेल : पैसे प्रमाणपत्राला का, वाचलेल्या आईला का नाहीत? महिन्याला वीस-पंचवीस बाळंतपणे करणाऱ्या रुग्णालयात वर्षानुवर्षे एकही मातामृत्यू होत नाही. एवढ्या छोट्या आकड्यांवर बिल काढले तर नशिबाचेच पैसे द्यावे लागतील. म्हणून शेवटच्या परिणामाऐवजी मधला टप्पा, इथे दर्जाचे प्रमाणपत्र, हा निकष धरतात. त्याची किंमतही मोजावी लागते : दर्जा तपासणीच्या दिवशी असतो, तो पुढच्या वर्षी टिकलाच पाहिजे असे बंधन नसते.

कॅमेरूनमध्ये कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याच्या ‘कांगारू’ पद्धतीसाठी दहा रुग्णालयांत असाच करार झाला. तिथे ग्रँड चॅलेंजेस कॅनडाने पैसे घातले आणि परतफेडीत खुद्द कॅमेरून सरकार होते, जागतिक बँकेतल्या ग्लोबल फायनान्सिंग फॅसिलिटीच्या साहाय्याने. निकषही बाळाच्या जवळचे होते : रुग्णालय सज्ज आहे का, बाळाला पूर्ण सेवा मिळाली का, नंतरच्या तपासणीत वजन वाढले का. आमच्या मते दोन्हींत हा करार जास्त चांगला, कारण परतफेड करणाऱ्या सरकारलाच पुढे ती सेवा चालवायची आहे. मात्र अशा करारांत वकील, तपासनीस आणि मध्यस्थ यांचा खर्च मोठा असतो. दोन-तीन कोटींच्या कामासाठी हा मार्ग परवडत नाही.

प्रश्न : पुण्यात बनलेली न्यूमोनियाची लस गरीब देशांना स्वस्तात मिळते. त्यामागे कोणाचा पैसा आहे? (विज्ञान शिक्षक, जळगाव)

दोन बाजूंनी आलेला पैसा आहे. सीरम इन्स्टिट्यूटची ‘न्यूमोसिल’ ही लस पाथ या संस्थेच्या सहकार्याने आणि गेट्स फाउंडेशनच्या आर्थिक मदतीने विकसित झाली. मोठी चाचणी पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात झाली आणि डिसेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. हा झाला संशोधनाच्या आधी दिलेला पैसा.

दुसरा पैसा खरेदीच्या हमीचा. इटली, ब्रिटन, कॅनडा, रशिया, नॉर्वे आणि गेट्स फाउंडेशन यांनी मिळून १५० कोटी डॉलर बाजूला काढले. २००९ मध्ये करार पक्का झाला. कंपनीने दहा वर्षे साडेतीन डॉलरपेक्षा जास्त दर लावायचा नाही, आणि त्या बदल्यात सुरुवातीच्या सुमारे पाचव्या हिश्श्यातल्या डोसांना वरकड मिळून सात डॉलर मिळणार. सुरुवातीला फायदा दोन बड्या परदेशी कंपन्यांना झाला आणि त्यावर रास्त टीका झाली, कारण त्यांच्या लसी जवळपास तयारच होत्या. स्पर्धा आली ती तिसरा पुरवठादार आल्यावर. २०२० मध्ये सीरमचा करार दोन डॉलर प्रति डोस या दराने झाला.

वर्गात समजावताना हे सांगा : आधी दिलेला पैसा प्रयोग फसला तरी जातो, हमीचा पैसा लस हाती येईपर्यंत जात नाही. पण हमी त्यालाच उपयोगी, ज्याच्याकडे कारखाना उभारायचे भांडवल आधीपासून आहे. छोट्या कंपनीला किंवा महाविद्यालयाला त्या हमीवर बँक कर्ज देत नाही.

प्रश्न : आमची संस्था आदिवासी पाड्यांवर नवजात बाळांच्या घरभेटींचे काम करते. मुंबईची एक मोठी संस्था तिला मिळणाऱ्या परदेशी निधीतून आम्हाला वाटा द्यायला तयार आहे. घ्यावा का? (विश्वस्त, नंदुरबार)

घेऊ नका. परदेशी देणगी कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणे बंद झाले आहे, दुसऱ्या संस्थेची नोंदणी असली तरी. ‘सल्लागार शुल्क’ असे नाव देऊन पाठवण्याची सूचना आली तर तीही नाकारा, त्यात दोघांची नोंदणी धोक्यात येते. स्वतःची नोंदणी करायची तर संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ उद्देशावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. अर्ज एफसी-३ए. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यात येतो. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, म्हणून क्षेत्रातल्या पर्यवेक्षिकेचा पगार कोणत्या शीर्षाखाली जातो हे हिशेबनिसाकडून आधीच पक्के करून घ्या.

नोंदणी झाली तरी सगळा भार परदेशी पैशावर टाकू नका. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि १ जुलैला यूएसएडचे काम अधिकृतपणे थांबले. कितीतरी देशांतले प्रकल्प त्या सहा महिन्यांत अर्ध्यावर पडले. कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी तुमच्यासाठी जवळचा आहे. त्यासाठी १२ए आणि ८०जी या प्राप्तिकर सवलतीच्या नोंदणींसोबत सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. कंपनीशी बोलताना ‘सुरू राहणारा प्रकल्प’ म्हणून करार मागा. त्यात पहिल्या वर्षानंतर आणखी तीन वर्षांपर्यंत काम चालू ठेवता येते. एकेका वर्षाच्या करारात मे-जूनमध्ये, नेमक्या पावसाळ्याच्या तोंडावर, पगार थकतात आणि प्रशिक्षित बाई काम सोडून जाते.

घरभेटींचा विषय असल्याने गडचिरोलीचा दाखला द्यायला हवा. तिथल्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूतांमार्फत घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. देणगीच्या पैशावर हा पुरावा तयार झाला. पण तो देशभर गेला तो २०११ मध्ये, जेव्हा आशाताईच्या घरभेटींना सरकारी अंदाजपत्रकात २५० रुपये मिळू लागले : रुग्णालयात जन्मलेल्या बाळामागे सहा भेटी, घरी जन्मलेल्यामागे सात. तुमच्या पाड्यांवर आशाताईंच्या भेटी कागदावर होतात की प्रत्यक्षात, वजनकाटा आणि थर्मामीटर चालू आहे का, हे तपासून त्यांना आधार देण्यासाठी निधी मागा. स्वतःची वेगळी फळी उभी केली तर ती देणगी संपली की विखुरते.

प्रश्न : इथल्या रुग्णालयाने बदललेले चांगल्या स्थितीतले इनक्युबेटर आम्ही मंडळातर्फे गावाकडे किंवा आफ्रिकेत पाठवू इच्छितो. (न्यू जर्सी)

भारतात नको. जुन्या अतिदक्षता उपकरणांच्या आयातीवर इथे बंदी आहे, कंटेनर बंदरातच अडकेल. आफ्रिकेतही पाठवण्याआधी थांबा. कमी उत्पन्नाच्या देशांतली सुमारे ४० टक्के वैद्यकीय उपकरणे बंद पडलेली असतात, असे एका मोठ्या पाहणीत आढळले होते. अमेरिकेतली वीज ११०-१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, पूर्व आफ्रिकेत २३०-२४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलते, हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे काही प्रकारच्या मोटरी हळू फिरतात आणि तापतात. तापमान मोजणारा त्वचेवरचा सेन्सर आणि हवेची गाळणी बदलायची वेळ आली की तिथे त्या मॉडेलचे काहीच मिळत नाही.

मंडळाने जमवलेल्या पैशातून, ज्या रुग्णालयाला मदत करायची त्याच्याच तंत्रज्ञाला विचारून, त्या देशात दुरुस्तीची सोय असलेले नवे यंत्र घ्या. किमतीच्या २० टक्के रक्कम सुट्या भागांसाठी आणि तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणासाठी त्याच चेकमध्ये द्या, आणि दोन वर्षांनी यंत्र चालू आहे का हे कळवण्याची अट पत्रात घाला.